विहिणीला सुतक नसतं

विहीणबाई, तुमचं सुतक मला लागलं नाही. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं, जावयाला तेवढंच, आणि जावयाच्या आईला काहीच नाही. खात्री करून घ्यावी म्हणून मी ठाण्याला आमच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "विहिणीला सुतक नसतं हो. आंघोळ करा आणि मोकळ्या व्हा." आंघोळ मी केली. मोकळी मात्र अजून झालेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आयर्लंडमध्ये, एनिस गावी पोरांच्या स्वयंपाकघरात तुमच्याशी भांडत होते. म्हणजे मनातल्या मनात. चार दिवसांनी तुम्ही येणार होता आणि आल्या आल्या प्रेस उघडून माझे डबे हलवणार, हे मला ठाऊक होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आपल्या नातीचं, ईराचं, ऐकून तुम्हीही तेच म्हणायला लागला होता. मी गोडा मसाला हाताशी ठेवते. तुम्ही त्याला वरच्या फळीवर पाठवून तुमची कांदा-लसूण चटणी खाली आणता. या वेळी तुम्हाला काय ऐकवायचं ते मी जुळवत होते, आणि चांगलं खमंग जुळलंही होतं. तेवढ्यात अनिरुद्ध दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मिरजेहून फोन होता." त्याचा चेहरा बघून मी गॅस बंद केला.

मृणाल ईराला घेऊन त्याच दिवशी निघाली. तुमच्या लेकीला मी कुशीत घ्यायला हवं होतं. मी तिच्या बॅगेत गरम कपडे भरत बसले, मिरजेला, ऐन उन्हाळ्यात.

आपलं नातं तसं मजेशीरच होतं. परदेशात नोकरी करणाऱ्या पोरांच्या आयांचं असतं तसं. नातवंडाला सांभाळायला तीन महिने एक आजी, तिचा व्हिसा संपला की दुसरी. ईरा आपल्याला मिरज आजी आणि ठाणे आजी म्हणते, जणू दोन स्टेशनंच. आपली गाठ पडायची ती फक्त ड्यूटी बदलताना, आठ-दहा दिवस, आणि त्या दिवसांत आपण एकमेकींना इतका मान द्यायचो की पोरं वैतागायची. तुम्ही मुलीची आई, म्हणून मला आधी वाढणार. मी नको नको म्हणत ताट पुढे करणार. लग्नात चार दिवस वरमाय म्हणून मिरवले, त्याची चटक मला लागली ती सुटलीच नाही. तुम्ही कधी त्यावरून टोमणा मारला नाहीत. मारला असता तर बरं झालं असतं, मी सुधारले तरी असते.

तुम्ही मला इथे काय काय शिकवलंत ते मी कधी कबूल केलं नाही. हीटिंग कसं लावायचं, कुठल्या डब्यात कुठला कचरा टाकायचा, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. इथे सगळेच म्हणतात, पण पुटपुटतात. तुम्ही मात्र लिमरिकच्या बसमधून उतरताना मागच्या दारापासून पुढे ऐकू जाईल असं "थँक्यू दादा!" म्हणायचात. मी चार पावलं मागे राहायची, आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत. तुम्ही गेल्यावर त्याच बसमधून मी एकटी उतरले, तर ड्रायव्हर म्हणाला, "व्हेअर्स दादा टुडे?" मी म्हणाले, "शी इज इन इंडिया." खरं सांगायची हिंमत झाली नाही. उतरताना मोठ्याने थँक्यू म्हणायचं ठरवलं होतं, तेही पुटपुटलंच गेलं.

आता पासाचं. तुमचे यजमान रेल्वेत गार्ड. मिरजेच्या क्वार्टरमध्ये तुमचं आयुष्य गेलं, आणि पास हा शब्द तुम्ही देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचात. पास आहे तर जायचं, काम असो वा नसो. एकदा मुदत संपत आली म्हणून तुम्ही दोघं पोरांना घेऊन पार हावड्यापर्यंत गेलात, स्टेशनवर चहा प्यालात आणि परत आलात, असं तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं. त्यामुळे अनिरुद्ध एकदा जेवताना सहज बोलून गेला, की युरोपच्या रेल्वेचा पास काढला तर इथून फ्रान्सला जाणाऱ्या रात्रीच्या बोटीलाही तो उपयोगी पडतो, तेव्हा तुमचा घास हातातच राहिला.

"रेल्वेचा पास बोटीला चालतोय?"

"चालत नाही मम्मी, तिकिटात डिस्काउंट मिळतो फक्त."

"म्हंजे चालला की ओ! ठरलं मग. मी जातो. विहीणबाई पण येत्यात."

तुमच्याकडे बायकासुद्धा 'मी जातो' म्हणतात, त्याची मला नेहमी गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही, कारण मला न विचारता तुम्ही मला बोटीत बसवून टाकलं होतं.

वाद तिथे सुरू झाला आणि तुम्ही जाईपर्यंत संपला नाही. माझं म्हणणं सरळ होतं. विमान दीड-दोन तासांत पोचवतं. ते सोडून आख्खं आयर्लंड ओलांडून रोसलेअरच्या धक्क्यावर जायचं, बोटीत रात्र काढायची, पोटात ढवळून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात उतरायचं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "विहीणबाई, आमचे हे गाडीच्या शेवटच्या डब्यात आणि मी पोरं घेऊन मधल्या डब्यात. रात्रीच्या गाडीत मी कधी झोपलोच न्हाई. एक डोळा पोरांवर, एक ट्रंकंवर. मला एक रात्र अशी पायजे, की सामान कुलपात हाय, पोरं ज्याच्या-त्याच्या घरात हायत, आणि आपण गाढ झोपलोय. आणि झोपंत देश बदलतोय."

"झोपेतच बदलायचा तर विमानात झोपा," मी म्हणाले.

"विमानात बसून झोपत्यात. मला आडवं व्हायचं हाय."

त्या एका वाक्याचा राग मी बरेच दिवस धरला. पहिल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं निमित्त झालं. गुडघा दुखत होता हे खरं, पण बोटीत बसता येणार नाही इतका नव्हता. नंतर ईराची शाळा आली, मग मृणालच्या कारखान्यातलं ऑडिट आलं. दर वेळी कोणी ना कोणी म्हणायचं, पुढच्या खेपेला जाऊ. तुम्ही मोबाइलवर बोटीचे फोटो बघत म्हणायचात, "असू दे, बोट कुठं पळून जातीया?"

शेवटी या वर्षी सगळं जुळलं. फ्रान्सचे व्हिसा मुंबईहूनच करून घेतले, परत आयर्लंडमध्ये शिरायची सोय झाली, दोन पास निघाले, दोन बर्थची केबिन ठरली. तुम्ही फोनवर म्हणालात, "खालचा बर्थ तुमचा, वरमाय तुम्ही. मी चढतो वर. दशम्या पण मीच आणतो." तुमचं वय माझ्याएवढंच, गुडघे माझ्यासारखेच. मी म्हणाले, "बघू." नको म्हणाले नाही.

तुम्ही गेल्यावर मी अनिरुद्धला सगळं रद्द करायला सांगितलं. खरंच सांगितलं. पण तोंडाने रद्द कर म्हणत असताना मनात चाललं होतं, की हा 'राहू दे' म्हणाला तर बरं. तसं म्हणाली ती मृणाल, मिरजेहून.

"आई, मम्मीचा पास वेस्ट गेला. तुमचा तरी नको. तुम्ही जा. आता परत लास्ट मिनिटला बोटीला नाही म्हणू नका."

"अगं, पण तेरावं व्हायचंय. लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला कुठे सुतक आहे?"

गुरुजींना फोन मी त्यानंतर केला, विहीणबाई. आधी नाही. मला शास्त्र जाणून घ्यायचं नव्हतं, मला परवानगी हवी होती.

अनिरुद्ध डब्लिनपर्यंत सोडायला आला. तिथून रोसलेअरच्या गाडीत मी एकटी. डाव्या खिडकीला समुद्र इतका जवळ, की गाडीने पाय बुडवले असं वाटावं. रूळ किती वेळा बोगद्यात शिरतात, किती वेळा कड्याच्या टोकाला येतात, हे तुम्ही मोजलं असतंत. वेक्सफर्ड गावात तर गाडी धक्क्यावरून, दुकानांच्या समोरून, माणूस चालतो त्या वेगाने जाते. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आमच्या बरोबरीने चालत होता. थोड्या वेळाने तो आम्हाला मागे टाकून पुढे गेला, आणि मी खळखळून हसले. हसले आणि लगेच तोंडावर हात घेतला. समोरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला काय सांगणार, की माझ्या विहिणीचे दिवस चालले आहेत.

धक्क्यावर पायी प्रवाशांना एका बसमध्ये घालतात आणि ती बस सरळ बोटीच्या पोटात शिरते. पुढे जिने, कार्पेट, खोल्यांची रांग. केबिनचं दार उघडलं तर खाली-वर दोन बर्थ, पांढऱ्या स्वच्छ चादरी. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तशी तयारी करून गेले होते, रुमाल हातात होता. पण पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, आख्खी केबिन आपली. मी खालच्या बर्थवर बसून बघितलं, गादी दाबून बघितली, आणि शाल, औषधं, तुमच्याऐवजी मीच केलेल्या दशम्यांचा डबा असं सगळं वरच्या बर्थवर पसरून दिलं. तुमच्या जागेवर. मग लाज वाटून डबा तेवढा खाली घेतला. बाकीचं तिथेच राहिलं.

मासे तेराव्यापर्यंत खायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. पण संध्याकाळी बोटीच्या कँटीनमधून तळलेल्या माशाचा वास आला आणि माझा निश्चय वाऱ्यावर गेला. दशम्या केबिनमध्ये राहिल्या. मी मासा आणि चिप्स घेऊन खिडकीशी बसले, आणि तिथे मला ब्रीडा भेटली.

ब्रीडा वेक्सफर्डकडची, आपल्याच वयाची, फ्रान्सला लेकीकडे निघाली होती. एकटीच का, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, दोघी येणार होतो, दुसरी गेली. तिने हातातला काटा खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि इथले लोक म्हणतात तसं म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग तिने विचारलं, ती तुझी कोण? मी म्हणाले, माझ्या मुलाच्या बायकोची आई.

"अँड ये वेअर फ्रेंड्स?"

तुम्ही मैत्रिणी होता का, या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. आपण एकमेकींच्या दुखण्याची चौकशी केली, एकमेकींची लोणची खाल्ली, पाठीमागे एकमेकींच्या नकला केल्या. (माझी नक्कल तुम्ही उत्तम करायचात, ईराने करून दाखवली आहे.) पण मैत्रिणी? मी म्हणाले, "वी वेअर ऑल्वेज फायटिंग." ती म्हणाली, "वेल, देअर यू आर सो," आणि पुन्हा खायला लागली. जणू तिच्यापुरतं उत्तर मिळालं होतं.

जेवण झाल्यावर पलीकडच्या हॉलमध्ये एक माणूस अकॉर्डियन घेऊन बसला. ट्रकवाले ड्रायव्हर, पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे टाळ्या वाजवायला लागले. ब्रीडाने मला उठवलं. मी नको नको म्हणत उठले, माझं नको नको तुम्हाला माहीतच आहे. तिने माझे दोन्ही हात धरले आणि गोल फिरायला लागली. दोन्ही हात धरून गोल फिरायचं मला एकच माहीत, विहीणबाई. मी तिचे हात फुलीसारखे घट्ट धरले, पाय जुळवले, मागे झुकले आणि फुगडी घातली. गुडघा कुठे गेला होता कोण जाणे. बोट एका बाजूला कलली की आम्ही दोघी आपोआप तिकडे घसरायचो आणि ट्रकवाले ओरडायचे. ब्रीडा म्हणाली, "युअर मॅन ओव्हर देअर इज स्केअर्ड वी'ल लँड ऑन हिम!" युअर मॅन म्हणजे इथे नुसतं 'तो माणूस', आणि खरंच एक लठ्ठ ड्रायव्हर बिअरचा ग्लास छातीशी धरून बसला होता. मी इतकी हसले की ठसका लागला.

तुमचं तेरावं व्हायचं होतं आणि मी परक्या बाईबरोबर भर सभेत फुगडी घालत होते. तुमच्याबरोबर कधी घातली नाही. मृणालच्या मंगळागौरीला तुम्ही हात पुढे करून म्हणाला होता, "या की विहीणबाई, कोण बघतंय?" सगळेच बघत होते, म्हणून तर मी खुर्चीवर बसून राहिले. तुम्ही तुमच्या बहिणीला ओढलंत आणि खेळलात. मी पर्स मांडीवर धरून टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी झोपले. खालच्या बर्थवर, आडवी, गाढ.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या शेरबूर बंदरात उतरून गावात गेले आणि एका बेकरीत शिरले. लोण्याने बोटं माखतील असा पाव घेतला. त्याचा अर्धा तोंडात असताना मृणालचा फोन आला.

"आई, कसा झाला प्रवास?"

मागे माणसांचे आवाज येत होते. फोन स्पीकरवर होता. दुसऱ्या दिवशी तेरावं, त्यामुळे पाहुणे जमलेले. मी घास एका गालात सारला, आवाज खाली उतरवला आणि म्हणाले, "कसला प्रवास गं. डोळ्याला डोळा लागला नाही. अन्न गोड लागेना. त्यांच्यावाचून काय मजा त्या बोटीत? काही नाही गं त्यात, लोक उगाच डोक्यावर घेतात."

मग तुमच्या धाकट्या बहिणीचा, सुमनताईंचा, रडवेला आवाज आला, "बघा गं बायांनो. विहीण असावी तर अशी. सख्ख्या भैनीवानी जीव लावला हिनं."

मी फोन ठेवला. उरलेला पाव टाकून द्यावा असं वाटलं, पण टाकला नाही, खाल्ला. लाज वाटत होती आणि चवही लागत होती, हे त्याहून वाईट.

पुढे पास वसूल करायचा म्हणून आसपासच्या गाड्यांत बसून फिरले, आणि परतीच्या बोटीत शहाण्यासारखी केबिनमध्ये बसून राहिले. हॉलकडे फिरकले नाही, कडक झालेल्या दशम्या चावत बसले. जणू त्याने भरपाई होणार होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. घरी आले तर नातेवाइकांच्या ग्रुपवर माझं कौतुक चाललेलं. सुमनताईंनी माझं बोलणं होतं त्याहून वाढवून लिहिलं होतं, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची ही रांग. मी एकालाही उत्तर दिलं नाही, तर त्याचाही अर्थ लोकांनी दुःख असाच लावला.

मग मृणाल परत आली. वाळून गेली होती पोर. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, "आई, एक सांगू? तुम्ही तिकडून फोनवर बोललात ना, त्याने मला फार बरं वाटलं. मम्मी दोन वर्षं मागे लागली होती. मी स्कूल, ऑडिट करत पोस्टपोन करत राहिले. ती गेल्यापासून डोक्यात तेच होतं, की एवढीशी गोष्ट मी तिला दिली नाही. तुम्ही म्हणालात त्यात काही नाही, तेव्हा वाटलं, चला, निदान फार काही मिस झालं नाही तिचं. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली."

तोपर्यंत मला वाटत होतं की माझं खोटं म्हणजे माझ्या दिखाव्यापुरती गोष्ट आहे. ते तर तुमच्या लेकीने उशाला घेतलं होतं. मी गप्प बसले तर तिला झोप लागत होती, पण तुम्ही दोन वर्षं ज्याचा हट्ट धरलात ते फालतू ठरत होतं. बोलले तर तुमचं म्हणणं खरं ठरत होतं आणि तुमची लेक जागी राहत होती. मी ईराचा एकच फ्रॉक पुन्हा पुन्हा उलगडून त्याची घडी घालत बसले. गप्प बसायचं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तेवढ्यात तिने मान वर केली आणि विचारलं, "खरंच नसतं ना आवडलं मम्मीला?"

बोट कशी होती असं तिने विचारलं असतं, तर मी पुन्हा खोटं बोलले असते. पण तिने तुमच्याबद्दल विचारलं. तिथे जीभ वळेना.

"आवडलं असतं," मी म्हणाले. "फार आवडलं असतं गं. त्या उतरल्याच नसत्या. मी तुला खोटं सांगितलं. मी झोपले, जेवले, मासे खाल्ले, फुगडी घातली. मला खूप मजा आली. सगळ्यांसमोर ते सांगायची लाज वाटली."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रागावली. हातातला टॉवेल तसाच खाली टाकून म्हणाली, "मग पहिल्याच वर्षी का नाही गेलात तिच्याबरोबर? किती हौसेने म्हणत होती ती. तुमचा तो गुडघा..." आणि थांबली. वळण चांगलं लावलंत तुम्ही तिला. सासूला बोलायचं तेवढं बोलून पुढचं तिने गिळलं.

"बोल," मी म्हणाले. "बरोबर बोलतेयस तू."

ती जिना चढून वर गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. अनिरुद्ध एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचा आणि ईराला घेऊन बागेत जायचा. मी मनात बॅग भरून टाकली होती. सुनेच्या नजरेतून उतरून तिच्या घरात राहणं मला जमणारं नव्हतं, आणि दोष द्यायला समोर कोणी नव्हतं. विहीणबाई, तुम्ही असता तर मी तुमच्यावर ढकललं असतं. तुमच्यावर किती गोष्टी ढकलता यायच्या, हे तुम्ही गेल्यावर कळतंय.

मग एका संध्याकाळी मृणाल दोन कप चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळं. मम्मीला सांगितलं असतं तसं."

मी सांगितलं. कुत्र्याला घेऊन गाडीच्या पुढे गेलेला म्हातारा सांगितला, केबिन सांगितली, तुमच्या बर्थवर सामान पसरलं तेही सांगितलं. फुगडीपाशी ती हसायला लागली, "आई, तुम्ही? फुगडी?" असं दोनदा म्हणाली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मी उठून तिला जवळ घेतलं. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते त्या दिवशी केलं. बराच वेळ ती माझ्या पोटाशी डोकं ठेवून होती, आणि मध्येच नाक ओढत विचारायची, "मग? पुढे?" मी पुढचं सांगत गेले. बेकरीतला पावसुद्धा सांगितला.

एक गोष्ट सांगितली नाही. ती तुम्हालाच सांगते.

बोटीवर सकाळी जाग आली तेव्हा केबिन आतल्या आत हलकेच हलत होती. मी तोंड धुतलं, कॉफीचा कप घेतला आणि वर डेकवर गेले. ऊन पडलं होतं, वारा बेताचा होता. मी कठड्याला टेकून उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. किनारा आधी रेघेएवढा दिसला, मग हिरवा झाला, मग त्यात घरं दिसायला लागली. लोक सामान घेऊन खाली जायला लागले, मागून कोणीतरी वाट मागितली, आणि मला एकदम कळलं, की जाग आल्यापासून मला तुमची आठवण एकदाही आली नव्हती. तुमचीच नव्हे, कोणाचीच नाही. अनिरुद्ध नाही, ईरा नाही, कित्येक वर्षांपूर्वी गेलेले माझे यजमानसुद्धा नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कोणीच नाही अशी ती पहिली सकाळ. तुम्ही दोन वर्षं जे मागत होता ते हेच असणार, विहीणबाई. ते तुमचं होतं. ते मला मिळालं, आणि मला ते फार आवडलं.